श्वास मोजावा लागतो



अन्नावाचून मनुष्य काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस. श्वासावाचून मात्र काही मिनिटेही त्याला काढता येत नाहीत. अजपाजपाच्या परंपरेत एका दिवसरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. मिनिटाला पंधरा याप्रमाणे हिशेब मांडला तर नेमका हाच आकडा येतो आणि आजचे शरीरशास्त्रही निरोगी प्रौढ माणसाच्या विश्रांतीतील श्वासांची गती मिनिटाला १२ ते १८ अशीच मानते. ज्या समाजाने श्वासाची इतकी बारकाईने गणना केली, त्याच समाजात आज धाप लागण्याची तक्रार सर्वांत उशिरा वैद्यांपर्यंत पोहोचते, ही विचार करण्याजोगी विसंगती आहे.

जिना चढताना आई मध्येच थांबते. घरातले म्हणतात, ‘वय झाले.’ वडील पहाटे तास तास खोकतात. घरातले म्हणतात, ‘जुनी सवय आहे.’ लहान मुलाची छाती रात्री वाजते, तर ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ असे समाधान करून घेतले जाते. यातले एखादे अनुमान कधी खरेही निघते. परंतु तपासणी न करता काढलेले अनुमान म्हणजे निदान नव्हे आणि फुप्फुसाच्या विकारांत निदानाला झालेला उशीर पुष्कळदा भरून काढता येत नाही.

कानापासून मापापर्यंत

इ. स. १८१६ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात रेने लेनेक या वैद्याने कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. पुढे तीस वर्षांनी, १८४६ मध्ये, लंडनच्या जॉन हचिन्सनने स्पायरोमीटर या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाचे माप त्याने घेतले होते. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये.

यांपैकी स्टेथोस्कोप प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात दिसतो. क्ष-किरण यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले. या दोहोंच्या मधल्या काळातले स्पायरोमीटर मात्र मागे राहिले. ताप आला की थर्मामीटर लावला जातो, रक्तदाब घरच्या घरी मोजला जातो, साखर बोटाच्या एका थेंबावर कळते. श्वास मात्र मोजला जात नाही. दम्यात आणि सीओपीडीच्या आरंभी छातीचा फोटो पुष्कळदा अगदी निर्दोष येतो. ‘फोटो चांगला आहे, काळजी नको’ हे वाक्य ऐकून सुखावलेला रुग्ण आणखी काही वर्षे धापा टाकत राहतो.

स्पायरोमेट्रीची चाचणी सोपी आहे. रुग्णाने छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत तो पूर्ण जोराने, शेवटपर्यंत सोडायचा. निरोगी प्रौढ माणूस साधारणतः ७० ते ८० टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हे प्रमाण घसरते. मग नलिका रुंद करणारे औषध श्वासावाटे देऊन पंधरा-वीस मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतली जाते. पहिल्या सेकंदातील हवा २०० मिलिलिटरने आणि १२ टक्क्यांनी वाढली, तर पारडे दम्याकडे झुकते. औषधानंतरही ते प्रमाण ७० टक्क्यांच्या खालीच राहिले आणि लक्षणे व पूर्वेतिहास जुळत असला, तर सीओपीडी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारा आणि नलिका अवरुद्ध करणारा विकार, ठरतो. दमा चढउताराचा रोग असल्याने बऱ्या दिवशी चाचणी निर्दोषही येऊ शकते. म्हणून ती पुन्हा करावी लागते.

विडी न ओढणारी रुग्ण

सीओपीडी हा धूम्रपान करणाऱ्यांचा रोग, अशी समजूत पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे आली. भारतातले चित्र वेगळे आहे. १९९० ते २०१६ या काळाचा राज्यवार आढावा घेणारा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. सीओपीडीच्या रोगभारातील निम्म्याहून अधिक वाटा दूषित हवेचा आणि सुमारे एक चतुर्थांश वाटा तंबाखूचा आढळला. धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडी हा विषय जगापुढे ठळकपणे मांडण्यात पुण्यातील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

दूषित हवा म्हणजे केवळ कारखान्याची चिमणी नव्हे. गोवऱ्या, लाकूडफाटा, पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या यांच्या चुलीपुढे ज्या स्त्रीचे आयुष्य गेले, तिने विडीला कधी हात लावलेला नसतो. पण तिच्या फुप्फुसांना तो भेद कळत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला, ही मोठीच गोष्ट झाली. तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल पेटत राहते, तोवर धोका संपत नाही. शहरातल्या बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल हीही चूलच होय. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

पंपाची भीती

निदान झाले की दुसरा अडथळा उभा राहतो, तो औषधाच्या स्वीकाराचा. डॉक्टरांनी इन्हेलर लिहून देताच घरात शांतता पसरते. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘मुलीचे लग्न कसे जमेल?’ असे प्रश्न येतात. यातला शेवटचा प्रश्न वैद्यकाचा नाही, समाजाचा आहे आणि त्याचे उत्तरही समाजानेच द्यावयाचे आहे. दमा असलेल्या मुलीच्या पिशवीतून इन्हेलर लपवला जातो, तेव्हा औषधाच्या अभावी झटका येण्याची सोय आपणच करून ठेवतो.

आजचा दाबून वापरण्याचा इन्हेलर १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. अत्तराच्या फवाऱ्याप्रमाणे औषध का घेता येऊ नये, असे एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने विचारले आणि त्या प्रश्नातून ही कुपी घडली, असे सांगतात. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. डोळा आला तर डोळ्यात थेंब घालतात. तसेच श्वासनलिका सुजली तर औषध श्वासनलिकेतच टाकावे. श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि एका मिलिग्रॅममध्ये असे हजार मायक्रोग्रॅम असतात. झटक्याच्या वेळी गोळीतून ३० मिलिग्रॅम स्टेरॉइड द्यावे लागते. श्वासावाटे घेतलेली मात्रा २०० मायक्रोग्रॅम असेल, तर वजनाने ती त्याच्या दीडशेवा भाग ठरते. दोन्ही द्रव्ये निरनिराळी असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. पण भीती कोणत्या बाजूला असावयास हवी, ते तीवरून कळते. पंपाला नकार देणारे कुटुंब ‘हमखास गुणाच्या’ निनावी पुड्या मात्र विश्वासाने आणते. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत.

औषध योग्य असूनही गुण येत नसेल, तर प्रथम घेण्याची रीत तपासावी. कुपी हलवावी, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश खोल श्वास घेता घेता कुपी दाबावी, दहा सेकंद श्वास रोखावा आणि स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरावी. लहान मुलांना व वृद्धांना कुपीपुढे स्पेसर लावल्यास औषध घशात न साचता आत पोहोचते. दुसरी चूक म्हणजे केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या इन्हेलरवर वर्षानुवर्षे विसंबणे. त्याने नलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. दम्याच्या उपचारांची दिशा सांगणाऱ्या ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय समितीने २०१९ पासून अशा एकट्या औषधाची शिफारस थांबविली आहे.

प्राणायामाचे स्थान

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत आणले. श्वसनाच्या अभ्यासाने भीती कमी होते, श्वास संथ होतो, रुग्णाचा स्वतःवरील विश्वास वाढतो. हा लाभ लहान नाही. तथापि प्राणायाम हा औषधाचा सोबती आहे, त्याचा बदली गडी नव्हे. ऐन झटक्यात रुग्णाला भस्त्रिका करावयास लावणे हा योगावरही अन्यायच आहे.

डाग कशाचा?

तिसरा प्रश्न क्षयरोगाचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तरी आज जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असल्यास बेडक्याची तपासणी झालीच पाहिजे. गोव्यातील कंपनीने तयार केलेली ट्रूनॅट ही जनुकीय चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केली. बॅटरीवर चालणारे हे यंत्र लहान आरोग्य केंद्रातही बसते आणि रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, तेही सांगते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. फोटोतला प्रत्येक डाग क्षयाचा नसतो. कर्करोग, सार्कॉइडोसिस, बुरशीचा संसर्ग हेही तसेच दिसू शकतात. केवळ फोटो पाहून सुरू केलेली क्षयाची औषधे कर्करोगाच्या रुग्णाचे मोलाचे महिने खातात. अशा वेळी दुर्बिणीने श्वासनलिकेत पाहून तुकडा तपासावा लागतो. ही ब्रॉन्कोस्कोपी १८९७ मध्ये जर्मनीच्या गुस्ताव किलियान यांनी प्रथम केली, ती एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड काढण्यासाठी. आपल्याकडे शेंगदाणा, चिंचोका किंवा सीताफळाची बी अडकलेले मूल ‘दमा’ म्हणून औषधे घेत राहिल्याचे प्रसंग छातीच्या डॉक्टरांना अपरिचित नाहीत. खेळता-खाता एकाएकी ठसका लागून सुरू झालेला खोकला म्हणूनच कधी विसरू नये.

जाणता डॉक्टर घराचीही चौकशी करतो: व्यवसाय कोणता, भिंतीला ओल आहे का, कूलरचे पाणी कधी बदलले, खिडकीत कबुतरे बसतात का? फुप्फुसाच्या जाळीदार ऊतींच्या विकारांची भारतीय नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय कणांच्या अतिसंवेदनशीलतेचा होता आणि त्यांतही बहुतेक निम्म्यांचा कूलरशी संपर्क होता. कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचा भाव शुद्धच असतो; परंतु विष्ठा व पिसांच्या धुळीने शेजारच्या वृद्धेचे फुप्फुस निबर होत असेल, तर त्या भूतदयेला जागा व मर्यादा हवी. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

कार्यकर्त्यांनी काय करावे

रक्तदान आणि नेत्रतपासणी यांची शिबिरे गावोगाव होतात. त्यांना श्वास मोजण्याची जोड द्यावी. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: समवयस्कांबरोबर चालताना मागे पडता का? बहुतेक दिवस खोकला असतो का? धुराशी किंवा धुळीशी किती वर्षे संबंध आला? उत्तर होकारार्थी आले, की त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे नेऊन स्पायरोमेट्री करवावी. सीओपीडीने झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही; पण धूर थांबविणे, नियमित औषध, फ्ल्यू व न्यूमोकॉकसची लस, शिकवून घेतलेला व्यायाम आणि रक्तातील प्राणवायू फारच कमी असल्यास दिवसाकाठी किमान पंधरा तास ऑक्सिजन, यांनी उरलेले आयुष्य सुसह्य होते.

पुढच्या वेळी आई जिन्यात थांबली, तर तिचे वय मोजू नये. तिचा श्वास मोजावा.