शरीराचा जुना पहारेकरी
(वार्षिक सभेतील मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा संबंध जमा-खर्चाशी. आज मात्र शरीराच्या जमा-खर्चाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

हृदयाची गती, पचन, घाम ही कामे आपल्या आज्ञेची वाट पाहत नाहीत. ती सांभाळणाऱ्या चेतासंस्थेस इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लँगले यांनी १८९८ मध्ये ‘स्वायत्त’ हे नाव दिले. तिची अनुकंपी शाखा संकटसमयी हृदय वेगाने चालविते, रक्तातील साखर वाढविते आणि पचन मंदावते. ही खर्चाची बाजू. परानुकंपी शाखा विश्रांतीच्या वेळी शक्ती साठविते, ही जमेची. संकटातील या सज्जतेचे सविस्तर विवेचन अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मधील आपल्या ग्रंथात केले.

ही व्यवस्था अतिप्राचीन आहे. जबडा नसलेल्या लॅम्प्री माशात अनुकंपी चेतापेशी नसतात, असा दीर्घकाळ समज होता. २०२४ मध्ये त्या तेथेही आढळल्या. म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच, पृष्ठवंशीय प्राण्यांच्या आरंभकाळी, तिचा पाया घातला गेला असावा. शिकारी प्राण्यापासून जीव वाचविणारा हा पहारेकरी रुग्णालयातही जागाच असतो. वाघ समोर आला काय किंवा अनामत रकमेची चिंता पडली काय, तो सारखाच सावध होतो.

हे मला उशिरा उमगले. आपल्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब मोजण्याचे टेबल कित्येक वर्षे पैसे भरण्याच्या खिडकीलगत होते. जागा वाचावी म्हणून ती मांडणी मीच केली होती. जिना चढून, रांगेत उभे राहून, पैशांची जुळवाजुळव करीत आलेल्या रुग्णाचा रक्तदाब तत्काळ मोजला जाई. मोजण्यापूर्वी किमान ५ मिनिटे शांत बसू द्यावे, हा वैद्यकीय नियम एका ज्येष्ठ परिचारिकेने माझ्या निदर्शनास आणून दिला. त्या वेळचे किती आकडे आजाराचे आणि किती भीतीचे, हे आता सांगता येणार नाही. टेबल शांत खोलीत हलविले आहे.

अतिदक्षता विभागाबाहेर मात्र नातेवाईक आजही जिन्यावर रात्र काढतात. यंत्रांसाठी देणग्या मिळतात. बाक, पंखा आणि पिण्याच्या पाण्यासाठी क्वचितच. त्यांच्यासाठी विश्रांतिकक्ष उभारण्यास आपण सढळ हस्ते साहाय्य करावे, ही नम्र विनंती.