ओळख आणि अधिकार

(पुरोगामी संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



संकेतस्थळांच्या सुरक्षिततेवर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाला का पाचारण केले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, संगणकव्यवस्था असुरक्षित राहण्यास तांत्रिक उणिवांइतकीच आर्थिक प्रेरणांची विपरीत रचना कारणीभूत असते. ज्याच्या हाती संरक्षण करणे असते त्याला नुकसान सोसावे लागत नाही, आणि ज्याला ते सोसावे लागते त्याच्या हाती काहीच नसते. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत पिगूने १९२० सालीच मांडली होती. तेव्हा विषय माझ्या अंगणातला आहे, असे समजून बोलतो.

एखाद्या सहकारी पतसंस्थेचा सभासद कचेरीत येतो. दाराशी बसलेला शिपाई त्याला ओळखतो आणि आत सोडतो. आता हा सभासद सरळ लेखापालाच्या टेबलाशी गेला आणि खतावणीत स्वतःच्या हाताने नोंद करू लागला, तर त्याला कोणी अडवावयाचे? तो सभासद आहे याविषयी शंका नाही. पण खतावणीला हात लावण्याचा अधिकार त्याला आहे काय, हा निराळा प्रश्न आहे आणि तो निराळा विचारावा लागतो. संकेतस्थळांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, तेव्हा त्याला अधिकार-तपासणीचा अभाव म्हणतात. संगणकसुरक्षेच्या क्षेत्रातील ‘ओवॅस्प’ या संघटनेने २०२१ च्या आपल्या यादीत या जातीच्या दोषांना पाचव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर आणले.

आपल्यापैकी बहुतेकांची संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. २००३ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेल्या या प्रणालीवर आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे उभी आहेत. देणगी स्वीकारणे, वर्गणीदारांची नोंद ठेवणे, अर्ज भरून घेणे अशी कामे करणारे जे छोटे जोडकार्यक्रम तिला लावतात, ते प्लगइन. ते बहुधा तिसऱ्याच कोणी लिहिलेले असतात आणि त्यांतले हजारो फुकट मिळतात.

यांतील एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचे पालन सुकर व्हावे म्हणून ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स’ नावाचे प्लगइन निघाले आणि लाखावर संकेतस्थळांनी ते लावले. त्यातील सेटिंग बदलण्याच्या मार्गावर, मागणी करणाऱ्यास तसा अधिकार आहे की नाही, हे पाहिलेच जात नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये हल्लेखोरांनी याचा फायदा घेतला. नव्या सभासदांची नोंदणी खुली करावयाची, नव्या सभासदाचा दर्जा ‘प्रशासक’ असा ठरवावयाचा, आणि मग रीतसर नाव नोंदवून प्रशासक व्हावयाचे, एवढेच त्यांनी केले. आत शिरल्यावर त्यांनी नोंदणी पुन्हा बंदही केली. माहितीचे रक्षण करण्यासाठी आणलेल्या पहारेकऱ्यानेच फाटक उघडे टाकावे, यातील उपरोध कोणा नाटककाराला सुचला नसता.

असे का घडते? प्रोग्रॅमर आळशी असतात म्हणून नव्हे. शब्दच फसवे आहेत. वर्डप्रेसमध्ये ‘इज ॲडमिन’ नावाचे एक फलन आहे. नावावरून वाटते की, समोरचा मनुष्य प्रशासक आहे काय, हे ते सांगत असेल. वस्तुतः मागणी प्रशासकीय विभागातल्या पानासाठी आहे काय, एवढेच ते सांगते. कचेरीत कोण उभा आहे हे न पाहता, ही खोली कचेरीची आहे, अशी ग्वाही देण्यासारखे. तीच गोष्ट ‘नॉन्स’ या तात्पुरत्या शिक्क्याची. मागणी वापरणाऱ्याच्या नकळत दुसरीकडून आलेली नाही, हे ठरविण्यास तो उपयोगी आहे. अधिकार ठरविण्यासाठी त्यावर विसंबू नये, असे वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकेतच बजावले आहे. अधिकार विचारणारे फलन वेगळे आहे, ‘करंट युजर कॅन’ हे त्याचे नाव, आणि प्रत्येक मार्गाच्या तोंडाशी ते असावयास हवे. तेवढ्यानेही भागत नाही. आपली पावती पाहण्याचा अधिकार प्रत्येक वर्गणीदाराला आहे. पण पावतीचा क्रमांक बदलून शेजाऱ्याची पावती दिसू लागली, तर अधिकार तपासला आणि वस्तू कोणाची ते तपासावयाचे राहिले, असे म्हणावे लागेल.

सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघा शास्त्रज्ञांनी १९७५ सालीच सांगून ठेवले आहे की, प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासावी आणि परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल तर उत्तर ‘नाही’ असावे. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून, ‘रेस्ट’ पद्धतीच्या मार्गाला परवानगीची तपासणी जोडली नसेल तर प्रोग्रॅमरला इशारा देण्यास आरंभ केला. इशारा दिला जातो. मार्ग मात्र खुलाच राहतो. जुनी प्लगइने मोडू नयेत, ही त्यामागची अडचण मला समजते. पण या सोयीची किंमत कोण मोजतो?

ती तुम्ही-आम्ही मोजतो, आणि आपल्याहून अधिक आपले सभासद मोजतात. एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ फुटले तर पैशांचे नुकसान होईल. ज्या कारखान्यात संघटनेला अद्याप मान्यता मिळालेली नाही, तेथील सभासदांची यादी मालकाच्या हाती पडली तर माणसांच्या नोकऱ्या जातील. जातपंचायतीविरुद्ध तक्रार करणाऱ्या स्त्रीचा अर्ज उघडा पडला तर काय होईल, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने रास्त सुरक्षा-उपायांची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. काम कंत्राटदाराला दिले होते, ही सबब तीत चालत नाही.

यावर काही मित्र म्हणतात, फुकटच्या वस्तूंचा नाद सोडा आणि विकतची घ्या. हा युक्तिवाद मला मान्य नाही. विकतच्या वस्तूतही हेच दोष असतात. फरक इतकाच की, तिचा मजकूर बंद असेल तर ते आपल्याला तपासताही येत नाहीत. मुक्त प्रणालीत कोणीही पाहू शकतो, हे खरे. परंतु पाहणे हे श्रम आहेत आणि श्रमाला वेतन लागते. मुक्त म्हणजे वेतनविरहित, असा अर्थ डाव्या चळवळीने तरी करू नये. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, सामाईक संपत्ती टिकते ती वापरणाऱ्यांनी नियम आणि देखरेख स्वतः उभी केली तर. जर्मनीने २०२२ साली अशा मुक्त प्रणालींच्या देखभालीसाठी सरकारी निधीच उभारला.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखे पुष्कळ आहे. न लागणारी प्लगइने बंद ठेवू नका, काढून टाका. प्रशासकाचा दर्जा दोघांपलीकडे देऊ नका; कार्यालयात सर्वांनाच किल्ली देण्याची आपली भाबडी समता येथे उपयोगाची नाही. सुधारित आवृत्ती निघाली की त्याच दिवशी लावा, कारण दुरुस्ती जाहीर झाली की दोषाचा पत्ताही जाहीर होतो. आणि नवे प्लगइन लावण्यापूर्वी एक चाचणी करा. प्रशासक म्हणून जी जी मागणी करता येते, ती सामान्य सभासदाच्या नावाने आणि नंतर नावाशिवाय पाठवून पाहा. सगळीकडे नकार आला पाहिजे.

ही चाचणी प्रत्येक संस्थेने एकटीने करणे शक्य नाही, हे मी जाणतो. म्हणून माझी सूचना अशी की, येथे जमलेल्या संस्थांनी मिळून एका तरुण प्रोग्रॅमरला पूर्ण वेतनावर नेमावे. त्याने आपण वापरतो ती प्लगइने वाचावी, दोष आढळल्यास प्रथम कर्त्याला खाजगीरीत्या कळवावे आणि दुरुस्तीही लिहून द्यावी. प्रत्येकीच्या वाट्याला किती वर्गणी येईल, याचा हिशेब मी मांडून देतो. त्यासाठी कोणती प्लगइने वापरात आहेत, त्यांची यादी प्रत्येक संस्थेने महिनाअखेरपर्यंत कार्यवाहांकडे द्यावी.