स्नायू कोणाचा, पेशी कोणाची?



आम्ही वैद्य नव्हे, दंतवैद्य तर नव्हेच. परंतु केंद्र सरकारच्या चाकरीत बदल्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील दवाखान्यांची बाके झिजविण्याचा योग आम्हांस आला, आणि तेथे एक गोष्ट ध्यानी आली. परप्रांतात मराठी माणसाला इंग्रजी शब्द फारसा फसवीत नाही. ओळखीचा वाटणारा संस्कृत शब्दच फसवितो.

'स्नायू' हाच शब्द पाहा. मराठीत स्नायू म्हणजे ज्याच्या आकुंचनाने हातपाय हलतात तो मांसल भाग. गुजरातीतही अर्थ तोच. बंगालीत मात्र स्नायू म्हणजे आपला मज्जातंतू. हिंदीच्या पारिभाषिक कोशांत मज्जातंतूला 'तंत्रिका' म्हटले असून 'स्नायु' हा शब्द हाडाला हाड बांधणाऱ्या बंधासाठी राखला आहे. आता कोलकात्याच्या डॉक्टरांनी एखाद्या मधुमेही आजोबांना पायाच्या स्नायूंचा विकार सांगितला, तर आजोबा घरी येऊन तेल चोळतील, गरम पाण्याचा शेक घेतील. बधिर पायाला चटका कळत नाही. पाय भाजल्यावरच घरच्यांच्या लक्षात यायचे.

'पेशी'ची गत याहून विचित्र. आपल्याकडे पेशी हा सजीवाचा सूक्ष्म घटक. हिंदी-बंगालीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि त्या सूक्ष्म घटकाला कोशिका किंवा कोष! सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० व स्नायू ९०० सांगितले आहेत. तेथे पेशी मांसाची आणि स्नायू हे बंध. फळ्या बांधून सिद्ध झालेली नाव भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर, असा सुरेख दृष्टान्तही आहे. म्हणजे मुळाजवळ हिंदी राहिली, दूर गेलो ते आपण. कोशकारांना बोल लावण्यात अर्थ नाही. केंद्राचा शब्दावली आयोग १९६१ साली स्थापन झाला, तोवर अनेक भाषांत आपापले शब्द रुळून गेले होते.

दातांच्या बाबतीत घरगुती शब्दच अधिक भरवशाचे. सुताराच्या पटाशीवरून पटाशीचा दात, मग सुळा, मग दाढ. आपल्या अक्कलदाढेला हिंदीत 'अक्ल दाढ़', बंगालीत 'आक्केल दाँत'. अक्कल कोठेही उशिराच येते! कृंतक, रदनक, चर्वणक ही कोशातली मंडळी आम्हांस अद्याप एकाही दवाखान्यात भेटलेली नाहीत.

अडचण येते ती दुखणे सांगताना. थंड पाण्याने दात शिवशिवतो, कैरीने आंबतो, रात्री ठणकतो. या क्रियापदांना परभाषेत जोड शोधीत बसू नये. केव्हा दुखते, किती वेळ दुखते, चावताना दुखते की आपोआप, एवढे सांगावे. डॉक्टरांना तेच हवे असते.

आणि चिठ्ठीवर ३६ हा आकडा दिसल्यास, बत्तीस दातांत छत्तिसावा कोठून आला म्हणून दचकू नये. तो 'तीन-सहा' असा वाचावयाचा. पहिला अंक जबड्याच्या चतुर्थांशाचा: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा अंक मध्यापासून मोजलेल्या दाताचा. म्हणून ३६ ही खालची डावी पहिली दाढ आणि ३८ तिकडचीच अक्कलदाढ. दात काढावयाचा असेल तर आधी आरशासमोर मोजून घ्यावा. मात्र डावे-उजवे रुग्णाचे धरावे, समोर उभ्या डॉक्टरांचे नव्हे.