बदली, भाषा आणि अडलेले वाचन

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विद्येच्या देवतेच्या मांडवात, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांविषयी बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल आभार. बंगळुरूत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून मी अनेक वर्षे अशा मुलांची तपासणी करते आहे.

आपल्यापैकी बरेच जण बँक, सैन्यदल, सरकारी कारखाने नाहीतर संगणक कंपन्यांतले. बदली आपल्याला नवी नाही. त्यामुळे मूल वाचनात अडले की आपले उत्तर तयार असते : "तीन शाळा झाल्या, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वर हिंदी आणि कन्नड. बिचारा गोंधळणारच!" हे कारण कधीकधी खरे असते. पण ते खरे आहे की नाही हे न पाहता वाट बघण्यात दोन-तीन वर्षे निघून जातात. मूल मात्र तेवढ्यात एक गोष्ट पक्की शिकते : "मी ढ आहे."

एक मुलगा पाचवीत असताना माझ्याकडे आला. नागपूर, भोपाळ आणि मग बंगळुरू असा प्रवास. इंग्रजीचा परिच्छेद अक्षर-अक्षर लावून वाचायचा, दर सोमवारी पोट दुखायचे. मी त्याला बिरबलाच्या खिचडीची गोष्ट मराठीत सांगितली. त्याने ती बारकाव्यांसह परत सांगितली, वर बादशहाची नक्कलही केली. मग विचारले, "'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल?" तो गप्प. सात वर्षांची धाकटी बहीण पटकन म्हणाली, "मळ!" आणि खुदकन हसली. बदल्या दोघांच्याही सारख्याच, घरची भाषाही एकच. अडचण इंग्रजीची असती तर मराठीतले आवाज सुटे करताना तो अडला नसता. पुढच्या चाचण्यांत बुद्धिमत्ता चांगली आणि वाचन दोन इयत्तांनी मागे, असे दिसले. हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता. मेंदूच्या जडणघडणीतले ते वेगळेपण आहे. आळस नव्हे, आणि आईने अभ्यास घेतला नाही म्हणून तर मुळीच नव्हे.

याउलट, एका मुलीच्या तपासणीत अक्षमता निघालीच नाही. तिला कमी ऐकू येत होते. कानाचा उपचार झाला आणि अभ्यास मार्गी लागला.

म्हणूनच तपासणी ही एका चाचणीत उरकत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ, डोळे आणि कान. मग बाळंतपणापासूनचा इतिहास, शाळेच्या वह्या, शिक्षकांचे मत. त्यानंतर बुद्धिमापन, वाचन, लेखन, गणित आणि अवधान, असे दोन-तीन बैठकांत चालते. या चाचण्या सगळ्या परक्या नाहीत. व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वतेच्या मोजपट्टीचे डॉ. मॅलिन यांनी केलेले रूपांतर 'नागपूर रूपांतर' म्हणूनच ओळखले जाते. तपासनिसाला घरची भाषा मात्र आवर्जून सांगा. शक्य तिथे काही भाग मराठीतून घ्यायला सांगा. आणि कोणी "घरी मराठी बंद करा" म्हणाले, तर ऐकू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. आजी-आजोबांशी बोलणे तुटले तर तोटा मुलाचाच.

पालकांची खरी भीती असते ती शिक्क्याची. तपासणी आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल तुमच्यासाठी असतो. प्रमाणपत्र घ्यायचे की नाही, हे नंतर ठरवता येते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेनेच प्राथमिक चाळणी करावी, असे त्यांत सांगितले होते आणि निदानासाठी आपल्या बंगळुरूच्या निम्हान्सची चाचणी नेमली होती. सीबीएसईच्या तीन तासांच्या परीक्षेत प्रमाणपत्रधारक मुलाला एक तास जादा मिळतो, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. इतर मंडळांचे नियम वेगवेगळे आहेत. म्हणून नववी-दहावीची वाट न पाहता शाळेत आधीच चौकशी करा.

लेखनिक म्हटले की काही पालकांना कमीपणा वाटतो. त्यांना मी सांगते, महाभारत सांगितले व्यासांनी आणि लिहून घेतले या आपल्या गणरायाने. व्यासांना कोणी 'ढ' म्हटल्याचे ऐकिवात नाही!

डिस्लेक्सियावर गोळी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, जाणकार विशेष शिक्षिकेकडून, आवाज आणि अक्षरे यांची सांगड टप्प्याटप्प्याने घालून घ्यावी लागते. सोबत अवधानाची अडचण, म्हणजे एडीएचडी असेल, तर त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध उपयोगी पडू शकते. तो मुलगा वर्षभरानंतरही सावकाशच वाचतो, पण पेपर पूर्ण करतो. सोमवारचे पोटदुखणे थांबले आहे.

पालकहो, वर्षभर नीट शिकवूनही तिसरीतले मूल अडत असेल, भावंडे त्याच परिस्थितीत पुढे जात असतील, बोलण्यात चुणचुणीत असलेले मूल वही उघडताच मिटत असेल, तर पुढच्या बदलीची किंवा पुढच्या इयत्तेची वाट पाहू नका. प्रगतिपुस्तकावर सही करताना "अभ्यास कर" एवढेच म्हणू नका, "कुठे अडतं रे तुझं?" असे विचारा. आणि त्याला सांगता येत नसेल, तर ते शोधून काढणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!