विरोधी सभासदाचा हिशेब

मंत्र्याच्या हातीं सत्ता असते, खजिना असतो आणि सरकारी दप्तर असतें. विरोधी पक्षाच्या सभासदाजवळ यांपैकीं कांहींच नसतें. त्याच्याजवळ असतो तो केवळ प्रश्न विचारण्याचा अधिकार. तेंच त्याचें शस्त्र आणि तेंच त्याचें भांडवल. म्हणून तो प्रश्न कोणासाठीं विचारला जात आहे, हें मतदारानें पारखून घेणें अगत्याचें ठरतें.

या पारखीचें पहिलें साधन म्हणजे सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत. लोकसभेंत एका दिवशीं तोंडी उत्तरासाठीं २० तारांकित प्रश्न येतात आणि लेखी उत्तरासाठीं २३०. आलेल्या सूचनांपैकीं कोणास अग्रक्रम मिळावा, हें चिठ्ठ्या टाकून ठरतें. शुक्रवारचे अडीच तास बिनसरकारी कामासाठीं राखलेले असतात. हा सर्व वृत्तांत आज संसदेच्या संकेतस्थळावर कोणासहि वाचतां येतो.

परंतु नुसत्या मोजदादीनें फसगत होण्याचाच संभव अधिक. विरोधी पक्षनेत्यास हजेरीपटावर सही करावी लागत नाहीं. म्हणून कोऱ्या पटावरून त्यास गैरहजर ठरविणें चूक होय. बहुतेक निर्णय आवाजी मतदानानें होतात. विभागणी मागितली गेली नाहीं, तर कोणी कोणत्या बाजूस मत दिलें याची नोंदच राहत नाहीं. बिनसरकारी विधेयकांचीहि तीच गत. संसदेच्या आरंभापासून अशीं अवघीं १४ विधेयकें कायद्याच्या पदवीस पोहोंचलीं आणि त्यांतील अखेरचें १९७० सालीं.

राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांचें उदाहरण घ्यावें. मूलभूत हक्कांवर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती संसदेस करतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं गोलकनाथ खटल्यांत दिला. त्याच वर्षीं प्रजासमाजवादी पक्षाच्या या सभासदानें संसदेचा तो अधिकार पुन्हां प्रस्थापित करण्यासाठीं बिनसरकारी विधेयक आणलें. तें संमत होण्यापूर्वींच, जानेवारी १९७१ मध्यें, ते निवर्तले; आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें चोविसाव्या घटनादुरुस्तीनें तोच हेतु साध्य केला. संमत विधेयकें मोजणारा त्यांच्या नांवापुढें शून्य लिहील. भाषणें वाचणारा तसें लिहिणार नाहीं.

दुसरें साधन म्हणजे सभासदानें स्वतः जाहीर केलेली मालमत्ता व हितसंबंध. २००२ व २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळें प्रत्येक उमेदवारास स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जें आणि फौजदारी प्रकरणें प्रतिज्ञापत्रांत सांगावीं लागतात. निवडून आल्यावर शपथेपासून ९० दिवसांत मालमत्तेचें विवरण सभागृहाच्या अध्यक्षांकडे द्यावें लागतें. राज्यसभेची नोंदवही याच्याहि पुढें जाते. मोबदल्याचें संचालकपद, नियमित मोबदल्याचें काम, नियंत्रण राखणारे भाग, सशुल्क सल्लागारी आणि व्यवसाय, असे पांच रकाने तींत आहेत.

हे रकाने कशासाठीं, हें इतिहास सांगतो. १९५१ सालीं एच. जी. मुद्गल या सत्ताधारी काँग्रेसच्या सभासदावर मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून लाभ घेऊन संसदेंत त्यांचें काम केल्याचा ठपका आला. चौकशी समितीनें तो उचलून धरला. मुद्गलांनीं राजीनामा दिला, तरीहि ते हकालपट्टीसच पात्र होते, असा ठराव सभागृहानें केला. पुढें डिसेंबर २००५ मध्यें प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतांना चित्रित झालेल्या ११ सभासदांना संसदेनें काढून टाकलें. त्यांतील निम्म्याहून अधिक तेव्हांच्या प्रमुख विरोधी पक्षाचे होते. सत्ता नसली म्हणजे मोह नसतो, ही समजूत तेव्हां फोल ठरली.

हितसंबंध असणें हा मात्र अपराध नव्हे. ऊंस पिकविणाऱ्या सभासदानें उंसाच्या भावाविषयीं विचारलें, तर तें स्वाभाविकच आहे. वकिलास कायद्याची आणि कारखानदारास कराची जाण अधिक असावयाचीच. अपराध आहे तो लपविण्यांत. उंसाचा मळा नोंदींत उघड दिसत असेल, तर तोच प्रश्न प्रामाणिक वाटतो. दडविलेला असेल, तर तोच प्रश्न संशयास्पद ठरतो.

म्हणून दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत. एकींत सभासदानें काय विचारलें तें दिसतें, दुसऱ्यांत त्याचें काय गुंतलें आहे तें दिसतें. एका विषयावर वारंवार प्रश्न आणि त्याच विषयांत पैशाचा संबंध, असा योग आढळला, तर मतदारानें ओरड न करतां पत्रानें खुलासा मागावा. आणि असा संबंध कोठेंच न आढळतां एखादा सभासद वर्षानुवर्षें दुर्लक्षितांचाच प्रश्न विचारीत असेल, तर तेंहि तितक्याच आवर्जून सांगावें. सरकारवर देखरेख ठेवणें हें विरोधी सभासदाचें काम. त्याच्यावर देखरेख ठेवणारा मतदाराखेरीज दुसरा कोणी नाहीं.