आजार हा गुन्हा नव्हे
(कामगारांपुढील व्याख्यान)



गिरणींतलें यंत्र बिघडलें तर मालक फिटर बोलावितो. यंत्र चालविणारा मनुष्य अंथरुणास खिळला तर मात्र त्याचें नांव पटावरून काढतो! ज्यानें वीस वर्षें कापसाची धूळ गिळली, तो खोकूं लागतांच परका कसा झाला, हें आम्हांस कोणी समजावून सांगावें.

हें गाऱ्हाणें आजचें नाहीं. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांनीं अर्जावर सह्या केल्या. रविवारच्या सुटीबरोबर त्यांत अशीही मागणी होती कीं, कामावर जबर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचें पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. आजाऱ्याच्या नोकरीस कुंपण घातलें तें १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यानें. आजारपणाचा भत्ता चालू असतां मालकानें कामगारास काढूं नये, त्या काळांत दिलेली नोटीस रद्द समजावी, असें त्याच्या ७३ व्या कलमानें ठरविलें.

मग कुंपणास भगदाड कोठें पडलें? आजारास 'गैरहजेरी' हें नांव दिल्यानें! रजा संपल्यावर आठ दिवसांत न परतल्यास नोकरीवरील हक्क जातो, असें कलम कारखान्यांच्या स्थायी आदेशांत असे. मद्रासकडील एका गिरणीच्या खटल्यांत १९६३ सालीं सुप्रीम कोर्टानें अशी तुटलेली नोकरी ७३ व्या कलमाबाहेरची मानली. पुढें १९९३ सालीं, गैरहजेरीच्याच दुसऱ्या खटल्यांत, त्याच कोर्टानें बजावलें कीं, कामगाराचें म्हणणें ऐकल्यावांचून व चौकशी केल्यावांचून असें नांव काढणें न्यायाचें नव्हे.

मालक विचारतात, काम किती दिवस खोळंबून ठेवावें? खोळंबून कशाला? बदली कामगार गिरण्यांना कधीं नवा नव्हता. आजारी परतेपर्यंत बदली लावावा.

कायद्यांचीं नांवें बदलतील, पण आमचें एवढें सांगणें लक्षांत ठेवा: रजा संपण्यापूर्वीं लेखी अर्ज द्या, डॉक्टरचा दाखला जोडा, आणि पोहोच घेतल्यावांचून कचेरींतून हलूं नका. तुम्हांस उठवत नसेल तर बायको जाईल, मुलगी जाईल. म्हणून त्यांस लिहितां-वाचतां आलेंच पाहिजे. तोंडी निरोप मुकादम विसरतो. शिक्क्याची पोहोच त्यास विसरूं देत नाहीं.