अंगणाखालचा पाइप कधी बदलावा?

वसंत व्याख्यानमालेत संतसाहित्य शोभतं, इतिहास शोभतो, मधुमेहावरचं व्याख्यानही चालून जातं. सांडपाण्याच्या पाइपाचं नाव काढलं की मात्र नाकाला पदर लागतो. तरीही चिखल्यासारख्या गावात हा विषय याच दिवसांत निघायला हवा, कारण खणायचं असेल तर ते आत्ताच. वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि चर कोरडा राहतो. एकदा मृगाच्या सरी आल्या की किनाऱ्यावरची वाळू ढासळते, खणलेल्या चरात कमरेएवढं पाणी साचतं आणि प्लंबर फोन उचलायचा बंद होतो.

डहाणूहून किनाऱ्याने नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असं निघालं की सगळीकडे साधारण एकच चित्र दिसतं. वाळूमिश्रित जमीन, चिकूच्या वाड्या, नारळ, समुद्राकडे सुरूची झाडं आणि आवारातच विहीर. अशा गावांत घराघरातलं पाणी उचलून नेणारी भुयारी गटारं नसतात. संडास, न्हाणी आणि मोरीचं पाणी चेंबरमधून सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. उगमापासून शेवटापर्यंत सगळा मामला आपल्याच कुंपणात. पाइप फुटला तर खर्च घरमालकाचा, आणि गळलेलं पाणी पोचलंच कुठे, तर पहिल्यांदा त्याच्याच विहिरीत.

पाइप किती वर्षं टिकतो, हा नेहमीचा पहिला प्रश्न. त्याला एका आकड्यात उत्तर नाही. जुन्या बंगल्यांखाली बहुधा चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे चकचकीत पाइप असतात. भाजलेली ती माती शंभर वर्षांतही कुजत नाही. गोम आहे सांध्यात. हे पाइप साधारण दोन-दोन फुटांचे येतात, म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत वीसेक सांधे. प्रत्येक सांधा सुतळी आणि सिमेंटने भरलेला. जमीन जरा बसली की सिमेंट तडकतं आणि तिथे केसाएवढी फट पडते. झाडाच्या बारीक मुळाला तेवढी पुरते. आत खत आणि पाणी दोन्ही आयतं मिळत असल्याने दोन-तीन वर्षांत पाइपात मुळांची शेंडी तयार होते. उंबर, वड, पिंपळ तर सोडाच, विहिरीकाठचा बांबूही यात मागे नाही.

बिडाच्या पाइपाची गोष्ट वेगळी. तो आतून गंजतो, आधी खडबडीत होतो, कागद-केस धरून ठेवायला लागतो आणि सरतेशेवटी त्याचा तळ पत्र्यासारखा पातळ होऊन जातो. सिमेंटच्या पाइपाला झिजवणारा शत्रू तर डोळ्यांना दिसतही नाही. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढल्यापासून हा पाइप देशभर पोचला, पण मैल्याच्या लाइनीत तो वरच्या बाजूने का पोखरला जातो, याचा उलगडा मेलबर्नमध्ये पार्कर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४५ साली केला. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो पाइपाच्या ओलसर छताला लागतो आणि तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. सिमेंट विरघळायला लागतं. म्हणून अशा पाइपाचा तळ धडधाकट दिसला तरी वरची बाजू खिळ्याने खरवडून बघावी. भुगा पडला तर पाइपाचे दिवस भरले.

पीव्हीसी गंजतही नाही, सडतही नाही. त्याला मारतात ती माणसं. पाइपाखाली वाळू न पसरता दगडगोट्यांवर टेकवणं, चिकटवायचं सोल्यूशन वाचवणं, वरून वीतभर माती ओढून त्यावरून चिकूच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो नेणं. असा पाइप बसवल्या वर्षीच वाकडा होतो.

पाइप बिघडायला या तालुक्यांत आणखी एक कारण चिकटलं आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास केंद्र असलेले, उथळ, बहुतेक लहान, पण पुन्हा पुन्हा येणारे. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. लोक रात्री घराबाहेर, तंबूंत झोपले. त्यानंतर भिंतींचे तडे पाहिले गेले, गिलाव्याने बुजवलेही गेले. पण भिंत ज्या जमिनीवर उभी असते त्याच जमिनीत पाइप पुरलेला असतो. सिमेंटने आवळलेला सांधा लवत नाही, तो तडकतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे मैल्याच्या शेकडो किलोमीटर लाइनी निकामी झाल्या, घरोघरी रासायनिक संडास वाटावे लागले. मातीचे आणि काँक्रीटचे जुने पाइप जिथे तुटले तिथे प्लास्टिकचे लवचीक पाइप पुष्कळ ठिकाणी तगले. तो भूकंप कितीतरी मोठा होता आणि तिथली जमीन पातळ होऊन वाहिली होती, त्यामुळे त्याचं माप इथे लावू नये. पण ज्या घराच्या भिंतीला २०१८ नंतर तडा गेला आहे, आणि ज्याच्या अंगणाखाली चिनी मातीची लाइन आहे, त्या घराने ती लाइन एकदा तपासावी, एवढं तरी यातून नक्की निघतं.

आता लक्षणं. मोरीतलं पाणी हळू जातं, पण न्हाणी आणि संडास ठीक आहेत, तर दोष मोरीच्या ट्रॅपमध्ये. तिथे तेल आणि भाताची शितं अडकलेली असतात, पाइपाला बोल लावू नये. संडासात पाणी ओतल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू आली, किंवा घरातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या जाळीतून पाणी वर आलं, तर मुख्य लाइन तुंबली आहे. एकदा तुंबली तर सळई घालून मोकळी करावी आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. वर्षात तिसऱ्यांदा, आणि तेही त्याच दोन चेंबरच्या मधे तुंबली, तर आत काहीतरी मोडलेलं आहे.

चेंबर उघडल्यावर तळाशी काय साठलं आहे ते बघावं. मैला, साबण, तेल हे घरातून आलेलं. पण स्वच्छ वाळू किंवा लाल माती दिसली, तर ती घरातून येऊ शकत नाही. ती सांध्यातून आत येते आहे, म्हणजे पाइपाभोवतीची जमीन तेवढी पोकळ होते आहे. मग वरची फरशी बसते, घूस बिळं पाडते. उन्हाळ्यात एखादा पट्टाच हिरवागार दिसणं ही गळतीची खूण म्हणून सांगितली जाते. वाडीत मात्र ती फसवी, कारण चिकूला पाणी दिलेलं असतंच. जिथे कोणी पाणी घालत नाही तिथली हिरवळ खरी.

किनाऱ्यावरची सगळ्यांत बोलकी खूण पावसाळ्यात सापडते. जुलैत भूजल वर आलेलं असतं. रात्री सगळे नळ बंद करावेत, पहाटे कोणी उठायच्या आत शेवटच्या चेंबरचं झाकण उचलून बॅटरी मारावी. घरात थेंबभर पाणी वापरलेलं नसताना पाइपातून निवळ धार येत असेल, तर ती जमिनीतून येते आहे. ज्यांचा सेप्टिक टँक दर पावसाळ्यात भरून वाहतो आणि दर वर्षी उपसावा लागतो, त्यांनी टँक मोठा बांधण्याआधी ही धार बघावी. पावसाळ्यात पाणी आत घेणारी फट उन्हाळ्यात मैला बाहेर सोडते. विहिरीच्या पाण्याची जिवाणू तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.

कॅमेरा घालून तपासणारे लोक शहरांतून येतात, पण तो खर्च करण्याआधी गवंड्यांच्या जुन्या युक्त्या वापरून पाहाव्यात. दोन चेंबरमधली लाइन कोरडी करून एका टोकाला बॅटरी लावावी आणि दुसऱ्या टोकाला तळाशी तिरका आरसा धरावा. आरशात उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर लाइन सरळ. चंद्रकोर दिसली तर मधे पाइप खचला आहे. वर्तुळात दोरे लोंबताना दिसले तर ती मुळं. दुसरी युक्ती पाण्याची. खालच्या चेंबरमधलं पाइपाचं तोंड गोणपाट आणि ओल्या मातीच्या पिशवीने घट्ट बंद करावं, वरच्या चेंबरमध्ये पाणी भरून खडूने रेघ मारावी आणि अर्धा तास थांबावं. पाणी थोडं मुरतंच, त्यामुळे बोटभर उतरलं तर घाबरू नये. वीतभर उतरलं तर सांधे गेले.

यावरून निर्णय करता येतो. एका झाडाजवळचा एकच सांधा उघडला असेल तर तेवढाच तुकडा काढून नवा घालावा, अख्खं अंगण उकरू नये. तीन-चार ठिकाणी फटी असतील, बिडाचा तळ किंवा सिमेंटचं छत खाल्लं गेलं असेल, किंवा लाइन खचून मधे पाणी साचत असेल, तर डागडुजीचे पैसे वाया जातात. लाइन बदलावी. न खणता जुन्या पाइपात राळेने भिजवलेलं अस्तर सारून ते आतच घट्ट करण्याची पद्धत एरिक वुड यांनी लंडनमध्ये १९७१ साली वापरली, ती आता भारतातल्या महानगरांतही वापरतात. मुळांवर आणि फटींवर ती चालते. पण अस्तर जुन्या पाइपाच्याच ढाळाने बसतं, त्यामुळे खचलेल्या लाइनीचा खड्डा तसाच राहतो.

नवा पाइप घेताना दुकानात दोन गोष्टी विचाराव्यात. आयएस १३५९२ चा टाइप ए हा पातळ पाइप हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, मैल्यासाठी टाइप बी लागतो. जमिनीखाली पुरायला आयएस १५३२८ चा, बहुधा विटकरी रंगाचा, पाइप मिळतो. सांध्यात रबरी रिंग असलेला घेतला तर जमीन हलली तरी सांधा थोडा लवतो, या तालुक्यांत ते मोलाचं आहे. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट ढाळ हा जुना नियम आजही चालतो. सहा इंचीला साठात एक. ढाळ नजरेने ठरवू नये, पाण्याच्या नळीने लेव्हल काढावी. खाली वाळूचा थर, वर चाळलेली माती आणि टेम्पो जाणार असेल तिथे काँक्रीटचं आवरण. वळणावर कोपऱ्याऐवजी चेंबर द्यावं.

काम करणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, दोरी बांधूनही नाही, अर्धा तास झाकण उघडं ठेवूनही नाही. सिमेंटच्या पाइपाला पोखरणारा तोच हायड्रोजन सल्फाइड तिथे असतो. त्याचा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे. टँक उपसायला पंपाची गाडी बोलवा.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या थोरामोठ्यांना विचारून पाइप कुठून कुठे जातो याचा एक कच्चा नकाशा काढा. चेंबर किती, खोली किती, पाइप कोणता, विहीर किती पावलांवर, हे त्यावर लिहा आणि तो कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. आरसा-बॅटरी घेऊन एकदा लाइन बघा. काही सापडलं तर गवंड्याला आत्ताच सांगा. मृग ७-८ जूनला लागतो.